नकोशी भामा आणि इंदूअक्का

रेकॉर्डिंगच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी इंदूअक्का हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढायच्या, रुमालात गुंडाळायच्या आणि ती पुरचुंडी माझ्याकडे द्यायच्या. "सांभाळ गं. माइकला सगळं ऐकू येतं," म्हणायच्या. त्याच कारणासाठी त्या रेशमी किंवा खळ दिलेली साडी कधी नेसून आल्या नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, पायांत काही नाही, आणि समोर खुर्ची असली तरी उभ्याच. वय एकसष्ट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण बांगड्या त्यांनी सोडल्या नव्हत्या. "त्यांनाच आवडायच्या. आता त्यांच्याचसाठी काढून ठेवू काय?" असं त्यांनी कुण्या नातेवाइकाला विचारल्याचं त्यांच्याच तोंडून मी ऐकलं होतं.

मी तेव्हा बंगळुरात, कोरमंगलातल्या एका लहान कंपनीत व्हिडिओ गेमसाठी संवाद लिहायचे. पुण्याहून येऊन मला वर्षच झालं होतं. आमचा गेम एका दुष्काळी, जादूच्या प्रदेशातला होता. खेळणारा माणूस त्या प्रदेशात भटकतो, वाटेत भेटलेले साथीदार बरोबर घेतो आणि शेवटी तिथल्या तीन गटांपैकी एकाची बाजू धरतो. त्यांतला एक गट पाणीराख्यांचा. हे लोक विहिरींना कुलपं लावतात आणि माणशी रोज एकच घडा पाणी देतात. भामा त्यांच्यातलीच एक पोक्त बाई, खेळणाऱ्याला सगळ्यांत आधी भेटणारी साथीदार. ती मी रचली होती. खेळणारा एखाद्या ओस पडलेल्या घरात शिरून काही उचलू लागला की भामा म्हणायची, "ते कुणाचं तरी आहे."

गेम चार भारतीय भाषांत निघणार होता. भामाचा मराठी आणि कन्नड आवाज इंदूअक्कांचा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं. पूर्वी शिवणकामाचा धंदा, पुढे नोकऱ्या. अक्कांनी मल्लेश्वरममधल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवलं, जोडीला रेडिओवर निवेदन केलं. घरातलं मराठी त्यांनी जपलं होतं, फक्त त्यात कन्नड असं मुरलं होतं की कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या हाती कागद दिले. त्यांनी ते वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही बाई आज जेवलीय काय?"

मला कळेना. "गेममध्ये जेवण नाही दाखवलं, अक्का."

"दाखवू नको की. मला सांग. भुकेल्या माणसाचा आवाज वेगळा असतो. रागावलेल्या माणसाचा त्याहून वेगळा. तू नुसतं 'म्हणाली' लिहिलंस, त्यावरून मी काय समजू?"

त्यानंतर प्रत्येक प्रसंगाआधी हा प्रश्न ठरलेला. आधी मला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे मी लिहितानाच त्याचं उत्तर कागदाच्या कडेला लिहून ठेवू लागले, आणि माझी माणसं खरी वाटू लागली. लिहिण्याचं पुष्कळसं मी त्या बाईंकडून शिकले, आणि त्यांनी आपण काही शिकवतोय असं एकदाही दाखवलं नाही.

'ते कुणाचं तरी आहे' हे वाक्य वेगवेगळ्या सात तऱ्हांनी म्हणून घ्यायचं ठरलं होतं. सात झाल्यावर अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब. हा खेळ किती तासांचा?"

"पूर्ण खेळला तर साठेक तास."

"साठ तास ही सातच वाक्यं ऐकवणार तू त्यांना? अगं, एकच गोष्ट दोनदा सांगितली तर माझा मुलगा उठून जातो. मी आहे की इथं. चाळीस वेळा म्हणते, प्रत्येक वेळी वेगळं. काही हसून म्हणते, काही नुसतं घसा खाकरून. घे."

स्टुडिओची वेळ संपत आली होती. आमचा प्रमुख समीर काचेपलीकडून घड्याळ दाखवत होता. मी म्हणाले, "सात पुरेत, अक्का."

"सरी, बरं तर," त्या म्हणाल्या आणि बांगड्यांसाठी हात पुढे केला.

गेम बाजारात आला आणि चांगला चालला. पंधरा दिवसांत भामा सगळ्यांना नकोशी झाली. पाणीराखे हा गट मुळातच कुणाला आवडला नव्हता. पाणी अडवणारे, उपदेश करणारे, आणि त्यांच्यातली ही बाई दर पाच मिनिटांनी तेच वाक्य म्हणणारी. खेळणाऱ्यांनी आपसांत मतदान घेतलं, त्यात सर्वांत नकोसा साथीदार म्हणून भामा पहिली आली. तिला विहिरीत ढकलायची सोय द्या, अशी मागणी सुरू झाली. ऑफिसात आम्ही त्यावर हसलो. समीर तर खूश होता. "लोक चिडलेत म्हणजे खेळतायत," तो म्हणाला.

मग कुणीतरी गेमच्या शेवटच्या नामावळीतून अक्कांचं नाव शोधून काढलं. अक्का आपल्या हॉलमध्ये बसून लहान मुलांना गोष्टी सांगायच्या आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायच्या. शे-दोनशे लोक बघायचे, बहुतेक त्यांचे जुने विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांची मुलं. त्या गोष्टींखाली आता शेकडो शेरे पडू लागले. थेरडी, गप्प बस, विहिरीत जा. अक्कांनी सुरुवातीला एकेकाला उत्तर लिहिलं. 'नमस्कार. मी भामा नाही. मी फक्त तिला आवाज दिला आहे. आपण रागावू नये.' त्या उत्तराचे फोटो काढून लोकांनी त्याचीही टिंगल केली.

मी त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. शाळेत चाळीस पोरं एकदम ओरडायची. मी गप्प उभी राहायची. आपोआप थांबायची."

ही थांबली नाहीत. एके दिवशी अक्कांचा मला फोन आला, ऑफिसच्या वेळेत, जे त्या कधी करत नसत. "येशील काय?" एवढंच म्हणाल्या. मी रिक्षा करून मल्लेश्वरमला गेले. त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. कुणीतरी संगणकावर त्यांचा आवाज जसाच्या तसा तयार करून त्यात अत्यंत घाणेरडी वाक्यं घातली होती. ती क्लिप फिरत फिरत हुबळीला त्यांच्या मुलाच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचली होती.

"ऐकलंत तुम्ही?" मी विचारलं.

"ऐकलं. आवाज माझाच आहे. त्याचं काही नाही. पण आनंदचा फोन आला. मला म्हणाला, आई, हे तू बोललीस काय?" त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मुक्ता, तो पोटात होता तेव्हापासून हा आवाज ऐकतोय गं. आणि त्याने मला विचारलं."

मी त्यांच्याबरोबर जाऊन पोलिसांकडे तक्रार नोंदवली. तिथल्या अधिकारी बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण पसरवणाऱ्यांची नावं खोटी होती, त्यातून काही निघालं नाही. परत आल्यावर मी एक निवेदन लिहिलं. भामा मी रचली, तिची वाक्यं माझी आहेत, सातच वाक्यांत भागवायचा निर्णयही आमचा, जे बोलायचं ते मला बोला. समीरला ते दाखवलं. तो म्हणाला, "आत्ता नको. आगीत तेल कशाला? चार दिवसांत शांत होईल." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझ्या नावाखाली ते शेरे येणार नव्हते. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

चार दिवसांनी समीरनेच ठरवलं की गेमच्या पुढच्या अपडेटमध्ये भामाला मारायची सोय द्यायची. आणि मरताना ती माफी मागेल. "लोकांना समाधान मिळालं पाहिजे," तो म्हणाला. ते वाक्य मीच लिहिलं: 'माझं चुकलं, तुम्हाला अडवण्याचा मला काही अधिकार नव्हता, मला क्षमा करा.'

अक्का रेकॉर्डिंगला येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या. बांगड्या माझ्याकडे दिल्या. कागद वाचला. या वेळी जेवणाचं विचारलं नाही.

"मरते मी," त्या म्हणाल्या. "कसं मरू ते सांग, तसं मरते. विव्हळायचं असेल तर विव्हळते. पण हे मी म्हणत नाही."

समीर आत आला. "अक्का, प्लीज, एकच लाइन आहे. इट्स जस्ट अ कॅरेक्टर."

"होय की. कॅरेक्टरच. मग तिनं काय केलंय ते सांगा मला. कुणाला मारलं काय तिनं? कुणाचं चोरलं काय? दुसऱ्याचं उचलू नका म्हणाली. त्याची माफी?"

"लोकांना तिचा त्रास होतो."

"त्रास होतो म्हणून मारताय, मारा. मेलेलीकडून वर माफी कशाला?"

समीरने माझ्याकडे पाहिलं. अक्कांनीही. आपल्या लेखिकेने काहीतरी बोलावं, असं दोघांनाही वाटत असणार. मी हातातल्या रुमालाची गाठ घट्ट करत राहिले. अक्का पुन्हा माइकसमोर गेल्या आणि भामाचं मरण एका दमात देऊन आल्या. तीन हुंदके, एक अर्धवट शब्द. आवाज टिपणारा मुलगा कानावरचे हेडफोन काढून नुसता बसून राहिला. माफीच्या वाक्याची जागा मात्र कोरीच राहिली.

ती कोरी राहणार नव्हती. करारात एक कलम होतं, लहान अक्षरात, की कंपनी या आवाजावरून आणखी आवाज तयार करू शकते. अक्कांनी त्यावर सही केली होती. तो करार त्यांना वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते पान मी 'हे नेहमीचंच असतं' म्हणून उलटलं होतं. दोन दिवसांत संगणकाने ते वाक्य तयार केलं. मी समीरला म्हणाले, हे करू नको. आवाज चढवून म्हणाले. तो म्हणाला, आता उशीर झालाय. ते खरंच होतं, फक्त उशीर त्याला नव्हे, मला झाला होता.

ते अपडेट बाहेर पडायच्या आदल्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन मल्लेश्वरमला गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढीच बुद्धी शिल्लक होती. अक्कांनी गेम तोवर पाहिलाच नव्हता. मी कराराचं सांगितलं, पान उलटल्याचंही. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाल्या, "लाव."

मी लावलं. पडद्यावर भामा विहिरीच्या काठाला कोसळली. अक्कांचे हुंदके, अक्कांचा तो अर्धवट शब्द, आणि मग अक्कांनी कधीच न म्हटलेलं ते वाक्य, हुबेहूब त्यांच्या आवाजात.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि एक बोट हलकेच मांडीवर आपटत होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा मला जायला सांगतील.

"श्वास घेतला नाही तिनं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एवढं लांब वाक्य. मरणारी बाई. आणि मधे कुठं श्वासच नाही." त्यांनी डोळे उघडले. "एरवी चांगलं म्हटलंय. आनंदला कळणार नाही."

मी क्षमा मागितली. त्या "असू दे" म्हणाल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. उठून आत गेल्या, कॉफी करून आणली, आणि माझी कॉफी संपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिल्या. निघताना मी जिन्यात वळून पाहिलं तर दार लागलं होतं.

त्याच संध्याकाळी मी माझं निवेदन माझ्या नावाने टाकलं आणि आठवड्याभरात नोकरी सोडली. आठ-दहा दिवस मला शिव्या आल्या, मग लोक दुसऱ्या कशाला तरी कंटाळले. यात धैर्य काही नव्हतं. गरज होती तेव्हा ते निवेदन माझ्या खिशात पडून होतं.

अक्कांनी मुलांच्या गोष्टी बंद केल्या. जाहिरातवाले, शाळावाले बोलवायचे, त्यांना 'घसा बरा नाही' सांगायच्या. पुढे घर भाड्याने देऊन त्या हुबळीला आनंदकडे राहायला गेल्या. सामान बांधायला मी गेले होते. आनंद आईशी फार जपून वागत होता, प्रत्येक वस्तू विचारून उचलत होता, आणि अक्का त्याला मानेनेच हो-नाही सांगत होत्या.

आता मी त्यांना महिन्यातून एकदा फोन करते. फोन लगेच उचलला जातो, पण पलीकडून 'हॅलो' येत नाही. अनोळखी माणसाच्या कानी आपला एक शब्दही पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. मी म्हणते, "अक्का, मी मुक्ता." तरीही शांतता. माझाही आवाज कुणी तयार केला नसेल कशावरून? मग मी बोलत राहते. इकडचा पाऊस, मेट्रोची गर्दी, माझी नवी नोकरी, मध्येच श्वास घेते, अडखळते, वाक्य अर्धं सोडते, पुन्हा सुरू करते. पलीकडे पंखा फिरतोय, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी होतेय, आणि त्या ऐकतायत. त्यांची खात्री पटेपर्यंत मी बोलते. कधी कधी बराच वेळ बोलावं लागतं.