खुंटीवरचा आसूड आणि डब्यातल्या विड्या

पापडीच्या आमच्या वाडीत रहाट गेला, विहिरीवर मोटार आली, बैल विकले. पण बैलांचा आसूड ओटीवरच्या खुंटीला तसाच राहिला. तो आम्हा मुलांसाठी. त्याचा सगळ्यात जास्त मार थोरल्या भावाने खाल्ला, दुसरा नंबर माझा. मुलगी म्हणून बाबांनी माझ्या बाबतीत कधी हात आखडता घेतला नाही, हे मान्य करायलाच हवं.

भाऊ मुंबईला छापखान्यात लागला होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी तो परत आला, तो वेगळाच होऊन. भिंतीशी बोलायचा. कानात कुणीतरी शिव्या देतं म्हणायचा. वसईच्या एका दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर यायचे, त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या तो कधी गिळायचा, कधी केळीच्या बुंध्याशी थुंकायचा. विडी मात्र अखंड. एक विझायच्या आत दुसरी. बोटं पिवळी, सदऱ्याला भोकं. केळीचा सुका पाला ठेवायची आमची एक झोपडी होती, नेमका तिथेच जाऊन ओढायचा. एक ठिणगी पडली असती तर झोपडीबरोबर घरही गेलं असतं, म्हणून आईचा जीव सदा टांगणीला.

बाबांनी निदान केलं की विडीनेच पोराचं डोकं फिरलं. गावाने माना डोलावल्या.

आम्हा ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रत्येकजण आपल्या आवडीचं काहीतरी सोडतो. आई चहातली साखर सोडायची, बाबा ताडी. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख पुसली गेली नव्हती तोवर, बाबांनी घरातल्या अल्तारापुढे भावाचा हात क्रुसावर दाबून धरला. "ताडी माझा जीव हाय, ती मी सोडतो. तू विडी सोड. ईस्टरपर्यंत." भाऊ हो म्हणाला. त्या दिवसांत तो कशालाही हो म्हणायचा. बाबांनी त्याची सगळी बंडलं चुलीत घातली.

पुढचे दिवस आठवले की अजून माझे दात आवळले जातात. तो झोपेना. अंगणात येरझाऱ्या घालायचा, ओटीच्या खांबावर डोकं आपटायचा. जेवणाचं ताट आईच्या अंगावर भिरकावलं. एकदा माझे केस धरून ओढले, तेव्हा मी त्याच्या थोबाडीत दिली. आमच्या घरात तसंच चालायचं, कुणी कुणाची माफी मागत नसे.

एका शुक्रवारी आम्ही क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करून चर्चमधून परतलो, तर झोपडीतून धूर येत होता. आत भाऊ बसलेला. केळीचा सुका पाला चुरून, पाल्यातच गुंडाळून ओढत होता. खोकून खोकून डोळे लाल.

"क्रुसावर हात ठेवला होतास," बाबा म्हणाले.

"विडी नाय ही. पाला हाय."

खरं तर पोराने शब्द पाळला होता. पण बाबांनी आसूड आणला होता, आणि आणलेला आसूड ते तसाच परत टांगत नसत. त्यांनी त्याला पाठीवर, मानेवर, तोंडावर फोडून काढलं. आई मध्ये पडली, तिलाही बसला. मग भावाच्या हाताला कुडातला कोयता लागला. आधी तो केळींवर तुटून पडला. केळ्यांचे लोंगर लटकलेली अख्खी रांग त्याने आडवी केली, चीक अंगावर उडत होता. बाबा अडवायला धावले, तर पुढचा घाव त्यांच्या दंडावर. मांस उघडं पडलेलं मी पाहिलं. आई तिथेच खाली बसली.

शेजारचे चारजण धावून आले. त्यांनी त्याला लाथाबुक्क्यांनी लोळवलं आणि मोटारीच्या दोराने फणसाला बांधलं. बाबांनी दंडाला फडकं गुंडाळून स्टेशनवरून भाड्याची गाडी मागवली. ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात न्यायचा. ठाणं म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगावं लागत नसे. आमच्या आळीतून तिकडे गेलेला एकही माणूस कुणीच परत आणला नव्हता, आणि बाबांनीही आणला नसता.

मी तेव्हा लग्नाची मुलगी. चारचौघांत कसं वागावं हे मला पाठ होतं. पण त्या झाडाला बांधलेल्या माणसाची लाळ पुसायलाही कुणी पुढे होईना, तेव्हा माझं डोकं फिरलं. ज्या शेजाऱ्याने शेवटची गाठ मारली होती, त्याच्या कानावरची विडी मी उपटली. चुलीतल्या निखाऱ्यावर धरली, ओढून पेटवली, ठसकत अंगणात आले आणि भावाच्या ओठांत दिली. शुक्रवारी, उपवासकाळात, सगळ्यांदेखत.

बाबांनी धडक्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. कान सुन्न झाला.

"आणखी मारा," मी म्हटलं. "ही पडली तर दुसरी पेटवीन."

भाऊ ओढत होता. त्याचे हात बांधलेले, म्हणून विडी मी धरलेली. अर्धी झाल्यावर त्याचे खांदे खाली आले. "बाय, भूक लागली," तो म्हणाला.

बाबांच्या शब्दाबाहेर कधी न गेलेली आई उठली आणि म्हणाली, "गाडी परत पाठवा." बाबांनी आईकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आज ऱ्हाऊ दे. पण पुन्हा त्याने माझ्यावर हात उचलला तर मी कुणाचं ऐकणार नाय."

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विडीने वेड लागत नाही. छाती मात्र जाईल. सुटायला हवी, पण आज त्याची तयारी नाही. तोवर कमी होतात का बघ." एवढ्यासाठी चालत आले का, म्हणून मी त्यांच्याशीही भांडले. घरी येऊन मात्र तेच केलं. विड्या माझ्या बिस्किटांच्या डब्यात. झोपडीत बंदी, ओढायची ती विहिरीच्या कठड्यावर बसून. आधी पेज, मग माझ्यासमोर गोळी, मग विडी. वर आणखी मागितली तर मोगऱ्याचा वाफा शिंपून होईपर्यंत थांबायचं. त्याने मला आईवरून शिव्या दिल्या, मनगट पिरगळलं, खडे मारले. मी तेच खडे परत मारले. विड्या कमी होत गेल्या, बंद कधीच झाल्या नाहीत. गावात बोभाटा झाला की ही भावाला विडी पाजते, स्वतःही ओढते. आगाशीचं एक स्थळ फिरलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्या घरच्या सासूचं नशीब चांगलं होतं.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी जेवताना भाऊ आपणहून म्हणाला, "मी सकाळची सोडतो. बाकीच्या नाय."

बाबांचा हात सवयीने वर गेला. सगळे त्या हाताकडे बघत राहिलो. हात खाली आला. बाबा उठले, खुंटीवरचा आसूड काढला आणि माझ्यासमोर टाकला. "तुझ्या डब्यात ठेव. यंदा मी हा सोडतो, ताडी पीन." आसूडाचं वेटोळं करून मी तो विड्यांशेजारी ठेवला. ईस्टरपर्यंत आमच्या घरात कुणी मार खाल्ला नाही. मला ते विचित्रच वाटायचं, रात्री झोप लागायची नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी भावाच्या हातून विहिरीवरच्या मोटारीचा पट्टा तुटला. बाबांनी हातातली बादली त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात हलला. भाऊ उठून त्यांच्यासमोर उभा राहिला, बाबांपेक्षा वीतभर उंच. कोयता कठड्यावरच होता. मला फणस दिसला, गाडी दिसली.

भावाने रक्त थुंकलं. बाबांचा हात धरून त्याने त्यांना कठड्यावर, स्वतःच्या जागेवर बसवलं.

"एकदम सुटत नाय, बाबा," तो म्हणाला. "थोडं थोडं कमी करायचं. बायला विचारा."