चार तारे आणि बाबांचा उजवा डोळा

ब्रह्महृदय बघायला जायचं ठरलं ते बाबांच्या हट्टामुळे. हिवाळ्यात संध्याकाळी ईशान्येला दिसणारा हा ठळक पिवळा तारा. दिसतो एक, पण असतात चार, आणि त्यातले दोन आपल्या सूर्याच्या कितीतरी पट मोठे. बाबांनी हे कुठेतरी वाचलं आणि आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. त्यांना काचबिंदू आहे. ‘औषध घालतोय, सगळं ठीक आहे,’ हे निदान त्यांचं स्वतःचं.

“गच्चीवरून दिसतो की,” आई म्हणाली.

“गच्चीवरून समोरच्या सोसायटीचे दिवे दिसतात.”

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी चारला आम्ही तिघं कोथरूडहून निघालो. जाणाऱ्यांना सूचना: स्वारगेट ते हडपसर हे अंतर नकाशावर बघू नका, उगाच आशा लागते. ब्रह्महृदयाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण त्रेचाळीस वर्षं लागतात. हडपसरच्या सिग्नलला मला ते अगदी वाजवी वाटलं. लोणी काळभोरच्या अलीकडे कांदाभजी झकास मिळते. चटणी मागितली तर मालक ‘कशाला?’ विचारतो. मागा.

पुढे कच्च्या रस्त्याला बबनरावांचं शेत. हे मैत्रिणीच्या ओळखीचे. ऊस लावतात आणि हौसेने दुर्बीण लावतात. शुल्क काही नाही, चहा सक्तीचा.

साडेसातला त्यांनी तारा धरून दिला. “बसा काका. बराबर मधोमध हाय बघा.”

बाबांनी सवयीने उजवा डोळा लावला. “अहाहा! पिवळाधमक! काय तेज आहे!”

“चार दिसतात का?” आईने विचारलं.

“चार कसे दिसतील? इतके जवळ आहेत ते. एकच दिसतो.”

म्हणजे अडीच तास गाडी चालवून आम्ही गच्चीवरून दिसतो तेवढाच एक तारा बघायला आलो होतो. मग मी डोळा लावला. मिट्ट काळोख. तारा काय, ठिपकासुद्धा नाही.

बबनराव जवळ आले. “अरारा. काका बसायच्या आधी माझा कोपर लागला वाटतं. नळी पार हललीय.”

आईने शाल सारखी केली. “अहो, मग तुम्ही काय पाहिलंत?”

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “ही एवढी गाडी चालवत आली. काही दिसत नाही म्हणून कसं सांगायचं?”

“कधीपासून दिसत नाही?” मी विचारलं.

“दिवाळीपासून. या डोळ्याने.”

बबनरावांनी मुकाट्याने नळी पुन्हा जुळवली. बाबा बसले, या वेळी डावा डोळा लावून. बराच वेळ उठेनात. तारा सरकत होता आणि बबनराव नळी हलकेच त्याच्यामागे नेत होते.

“फार पिवळा नाहीये गं,” बाबा शेवटी म्हणाले. “फिकट आहे. पण आहे.”

परतीच्या वाटेवर आई एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात याला गंभीर प्रकरण म्हणतात.

सोमवारी मी बाबांसोबत डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. बाबा म्हणाले, “तो मला पाठ आहे. दुसरा लावा.”

उजव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही. डावा सांभाळायचाय. घरी आल्यावर बाबांनी आपल्या स्कूटरची किल्ली मी न मागताच माझ्या हातात दिली आणि विचारलं, “बसचा पास कुठे काढतात?”