उजव्या खांद्याचा करार

ह्यांची नोकरी राहणार की जाणार हे ह्यांच्या उजव्या खांद्यावर ठरणार होतं, आणि तो खांदा दिवाळीपासून रोज संध्याकाळी माझ्या हाताखाली असायचा. मी तेल लावून चोळायची, हे दात आवळून टीव्ही बघायचे. दुखतंय का विचारलं की "छे" म्हणायचे. ह्यांना खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

कागदावर हे इथे आखातात, अहमदीतल्या एका कंत्राटी कंपनीत स्टोअरकीपर. खरं कारण निराळं. लग्नाआधी आमच्या गुहागरकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत ह्यांच्या बॉलिंगचा दरारा होता, आणि कंपनीच्या टीमला तसाच बॉलर हवा होता. इथे कंपन्यांच्या लीग असतात. शुक्रवारी सकाळी वाळवंटातल्या मैदानावर सिमेंटवर मॅट अंथरून सामने चालतात, आणि आमच्या मालकाला ट्रॉफ्यांचं भारी वेड. नटबोल्ट मोजायला कुणीही मिळतो, यॉर्कर टाकणारा मिळत नाही, असं मॅनेजर चारचौघांत हसून सांगायचा. दर दोन वर्षांनी ह्यांचा करार नवा व्हायचा आणि त्या करारावर आमचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना. ह्यांचा, माझा आणि लेकीचाही. यंदा लेक दहावीला होती. करार जानेवारीअखेर संपत होता आणि बोर्डाची परीक्षा त्याच्या पुढे. नोकरी गेली तर ऐन परीक्षेच्या तोंडावर आम्हाला गाशा गुंडाळावा लागला असता.

मॅनेजरने सांगितलं, शुक्रवारी फायनल होऊ दे, रविवारी सही करू. मी म्हटलं, मग आधी सही करा आणि मग काय ते बॉल टाका. फायनलमध्ये खांदा गेला तर रविवारी तुम्हाला कोण विचारतंय? हे म्हणाले, घाई केली तर त्यांना संशय येईल. म्हणजे दुखणं लपवायचं म्हणून सही मागायची नाही, आणि सही झालेली नाही म्हणून दुखणं सांगायचं नाही. इकडे आड तिकडे विहीर. लेकीला अभ्यासातून सगळं ऐकू जात होतं. "आई, चिल," एवढं म्हणून तिने दार लोटून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी मी ह्यांना बसवलं आणि मागण्यांची यादी काढली. एरवी हे मॅनेजरसमोर गेले की मान डोलवून परत येतात, म्हणून लिहून द्यायचं ठरवलं. पगारवाढ, गावचं तिकीट, मे महिन्याची सुट्टी, परीक्षा होईपर्यंत कुटुंबाच्या अकाम्याची हमी. पाचवा मुद्दा खरा महत्त्वाचा होता. खेळताना इजा झाली तरी स्टोअरची नोकरी कायम राहावी, हे कंपनीकडून लिहून घ्यायचं होतं. मी पाचाचा आकडा घातला आणि म्हटलं, "समजा, उद्या हात कायमचा गेला..."

"दिवेलागणीला असलं काही बोलू नकोस," हे म्हणाले. "वास्तू तथास्तु म्हणते."

मी ताडकन काहीतरी बोलायला हवं होतं. मला बोलता येतं, सबाह अल-सालेममधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ते ठाऊक आहे. पण हेच वाक्य आईने मला आणि मी लेकीला शंभरदा ऐकवलेलं. आत देवापाशी निरांजन नुकतं लावलं होतं. माझी जीभच उचलेना. तोंडाने बोलायचं नाही तर निदान लिहावं, तर पेनही अडलं. कागदावर लिहिलं म्हणजे आणखीच पक्कं, असं वाटलं. बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळवलेली बाई मी, आणि पाचाच्या पुढची ओळ कोरी ठेवून कागदाची घडी घातली. ऐन वेळी सुचेल तसं तोंडी सांगा, असं ह्यांना बजावलं.

गुरुवारी हे हसत घरी आले. मी पोळ्या करत होते. चारही मागण्यांपुढे मॅनेजरने खूण केली होती. मग त्याने पेन पाचावर टेकवून विचारलं म्हणे, ये पाँचवाँ क्या है? ह्यांनी सांगितलं, कुछ नहीं, ऐसे ही. मला हे सांगतानाही ह्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. तव्यावरची पोळी करपली. मी ह्यांना नको नको ते बोलले, आणि त्यातलं अर्धं तरी मी स्वतःलाच बोलत होते.

मी कधी मॅचला जात नाही. त्या शुक्रवारी गेले. वारा सुटला होता, दातांत रेती येत होती. मला खेळातलं फार कळत नाही, पण तो हात मला पाठ होता. तिसऱ्या ओव्हरला ह्यांनी धावणं कमी केलं. सीमारेषेवरून बॉल खालून फेकला, वरून नाही. दर बॉलला हात वर जाऊन नीट खाली आला की मी एक बॉल मोजायची. देवाकडे मी विकेट मागितली नाही. एवढ्या चोवीस बॉलपुरता तो खांदा जागेवर राहू दे, एवढंच. राहिला. आम्ही जिंकलो. ह्यांनी ट्रॉफी डाव्या हाताने उचलली आणि मॅनेजरने मोबाइलवर फोटो काढला.

रविवारी हे पेढे आणि करार दोन्ही घेऊन आले. मी आधी करार उघडला. आमचे चारही मुद्दे होते. दुसऱ्या पानावर एक कलम नवीन होतं. दर तीन महिन्यांनी कंपनीचा डॉक्टर तपासणी करील, आणि त्याने खेळायला किंवा कामाला अयोग्य ठरवलं तर कंपनी करार संपवू शकेल, आणि करारासोबत अकाम्याची हमीही संपेल. पहिली तपासणी येत्या आठवड्यात. ह्यांनी उभ्या उभ्या, न वाचता सही केली होती.

ह्यांनी अडवायच्या आत मी मॅनेजरला फोन लावला. देवघराचा दिवा समोर होता, तरी सगळं बोलले. खांदा कामातून गेलाय, उद्या हात उचलणार नाही, डॉक्टर एका मिनिटात ओळखेल. लेकीची परीक्षा होईपर्यंत तरी ह्यांना नोकरीवरून काढू नका.

"भाभी, कंधे का तो हमें दिवाली से मालूम है," मॅनेजर म्हणाला. "इसीलिए मैंने पाँचवाँ पूछा था. वो माँग लेते तो मैं उसी दिन लिखवा लेता. अब तो कागज़ बड़े साहब के पास गया."

मी फोन ठेवला. हे शर्टाची बाही सोडवत उभे होते. उजवा हात वर जाईना म्हणून अर्धा शर्ट अंगातच होता.

"काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं होतं, म्हणाले."