लेकीच्या घरचं ताट

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

बाजारहत्नूरच्या बसमध्ये एक काका भेटत. तिकीट ते दुपट्ट्याच्या टोकाला बांधून ठेवत. त्यांची लेक मावला गावी तेलुगू घरात दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. विहीणबाईंना मात्र वाटे, आपलं अन्न यांना चालत नाही.

तिथं जेवायला नको म्हणता यावं म्हणून त्यांनी मला एक तेलुगू शब्द विचारला. मला मोडकंतोडकंच येई; मी ‘चालु’ सांगितला, म्हणजे पुरे.

“काऊन रे बाप्पा? आपल्यात चालू म्हंजे सुरू न!”

अक्षरं जवळपास तीच आणि अर्थ उलटा.

पुढच्या भेटीत काका पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, “बाबू, कोऱ्या ताटावर हात धरून चालु म्हटलं. इहीनबाई अजूनच रुसली. वाढलंच नाही तं पुरे कायचं, म्हणे!”

मला नेम समजावणारं तेलुगू येत नव्हतं. नंतर परीक्षा आली, त्या बसनं जाणंच सुटलं.

परवा त्या बसच्या कंडक्टरनं मला गाठून काकांचा निरोप दिला: “त्या कॉलेजच्या पोराले सांगजा, नात झाली. इहीनबाई वाढतच राह्यली, अन् मी चालु म्हणाचं इसरलो.”