लेकीच्या दातांना फ्लोराइड

माझं माहेर किनवटकडच्या एका खेड्यात. तिथल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड फार होतं. हे कळलं तोवर माझ्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले होते आणि वडिलांची पाठ कायमची आखडली होती. अजूनही मी तोंडावर पदर धरूनच हसते.

दोन वर्षांमागं लातूरला माझ्या सहा वर्षांच्या लेकीची किडलेली दाढ भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाकीच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावू." मी लेकीचा हात धरला आणि बाहेर पडले. रिक्षात मनात एकच, ही बाई आमच्यावर दुकान चालवून राहिली. घरी येऊन टूथपेस्टच्या नळीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यातही तेच. नळी फेकून दिली आणि लेकीला नुसतं मीठ लावायला सांगितलं.

चार महिन्यांत तिची दुसरी दाढ ठणकायला लागली. निमूट परत गेले, पण जाताच विचारलं, "ज्यानं माझ्या बापाची पाठ गेली, ते लेकराला कामून लावायचं?"

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांनी ते वर्षानुवर्षं पाण्यातून प्यायलं. ते हाडात गेलं, उगवत्या दातात गेलं. हा लेप थोडा असतो, वरून लावायचा. खाल्लेल्या गोडाचं तोंडात आम्ल होतं, ते दात झिजवतं. फ्लोराइड ती झीज भरून काढतं, वरचा थर टणक करतं." मग त्यांनीच उलट विचारलं, "घरी पाणी नळाचं का बोअरचं?"

"बोअरचं."

"मग आधी ते तपासून घ्या. त्यात जास्त निघालं तर पिऊ नका."

जी बाई स्वतःच पाणी तपासा म्हणते ती फसवत नसावी, असं वाटलं. तरी मी म्हणाले, "आधी माझ्या दाताला लावा."

त्यांनी लावला. चिकट, पिवळसर. लेक खुर्चीला टेकून माझ्या तोंडात बघत होती. मला काही झालं नाही, तेव्हा तिनं आपणहून तोंड उघडलं.

पाण्याचा कागद आला, पाणी ठीक होतं. तरी खात्रीसाठी मी तो शेजारणीकडून पुन्हा वाचून घेतला. ठणकणारी दाढ बाईंनी भरली; तेव्हापासून लेकीची आणखी कुठली दाढ किडली नाही. फ्लोराइडची पेस्ट पुन्हा आणली, पण वाटाण्याएवढीच, तीही मीच ब्रशवर काढते आणि ती थुंकेपर्यंत बेसिनपाशी उभी राहते.

"आई, मी गिळत न्हाई. तू जा ना," ती म्हणते.

मी जात नाही.