चाचांनी दिलेली जबान

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण परदेशात माझं पाऊल टिकलं ते चाचांमुळे. सगळेच त्यांना चाचा म्हणत; ते रत्नागिरीकडचे, पाण्याचा टँकर चालवायचे. सौदीत धाहरानला उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, आणि पहिला पगार होईपर्यंत जेवूही त्यांनीच घातलं. कुणी काही खोदून विचारलं की पंजा हलवून म्हणत, "काम असतं, खलास."

आखाती लढाईत त्यांचा टँकर वाळवंटातल्या फौजेच्या तळावर जाऊ लागला. कुठे जातो हे कुणालाही, अगदी बायकोलाही, सांगायचं नाही, असं कंपनीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्याच कंपनीच्या कचेरीत मी कारकून; त्यांचा पास मीच टाइप केला होता, म्हणून माझ्याकडूनही. एका खोलीत राहून आम्हा दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती, आणि तिच्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. जेवताना बोलायचो ते आमटीतल्या मिठाविषयी.

फोनवर कुणीतरी ऐकत असतं, हे सगळेच जाणून होते. क्षेपणास्त्र कुठे पडलं ते एकाने घरी सांगायला घेतलं, तर लाइनच तुटली. पत्रंही उघडून, पुन्हा चिकटवून पुढे जायची.

अशात गावी परतलेल्या कुणीतरी चाचींना सांगितलं की, तुमचा नवरा दिवसच्या दिवस खोलीवर नसतो. पुढच्या शुक्रवारी आम्ही फोनच्या रांगेत चाचांच्या मागेच होतो. गावच्या दुकानातून चाची इतक्या मोठ्याने बोलत होत्या की आम्हालाही ऐकू आलं.

"खरं सांगा, तिकडे दुसरी केलीत ना?"

"चाचा, आमची दावत राहिली की," रांगेतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

चाचा एवढंच म्हणाले, "काम असतं." पलीकडून फोन ठेवला गेला, तरी ते रिसीव्हर कानाशी धरून उभे होते.

लढाई संपल्यावर मी म्हटलं, आता तरी चाचींना सांगून टाका.

"जबान दिलीय," ते म्हणाले. "लढाई संपली म्हणून जबान संपते का रे?"

मग ते कायमचे गावी गेले. तिकडून आलेल्या एकाने सांगितलं, चाची ताट वाढतात, पण बोलत नाहीत. चाचा दिवसभर जेटीवर बसून असतात.

तुम्हीच सांगा, मी काय करणार? जबान माझीही होती, आणि पत्रं अजूनही वाटेत उघडली जात. चाचींना वाचता येत नसे. घरी आलेलं पत्र, चाचांच्या नावाचं असलं तरी, शेजारची मुलगी त्यांच्यासमोर मोठ्याने वाची. मी लिहिलं:

"तीर्थरूप चाचा, सलाम. मी बरा आहे. लढाईत तुम्ही कुठे जात होतात ते मला माहीत आहे, आणि ते मलाही लिहिता येत नाही. इतकंच लिहितो की, तिथे कुणी बाई नव्हती. हे पाकीट वाटेत ज्यांनी उघडलं असेल, त्यांनाही हे माहीत आहे. खोटं असेल तर त्यांनी ही ओळ खोडावी."