वाफा कोणी मोजला?

बिघडलेली मोटर दारात आली, तरी आमचे मिस्त्रीमामा तिचं बॉनेट उघडत नसत. आधी ड्रायव्हरला चहा पाजत आणि विचारत, "मांगच्या खेपेले हिले हात कोनं लावला?" निम्मा आजार त्या उत्तरातच असतो, असं त्यांचं मत.

मामांचं घराणं मोर्णा नदीकाठच्या भाजीमळ्याचं. वडिलांच्या मोटेवर वाढल्यामुळे इंजिनाबद्दलही ते मळ्याच्याच भाषेत बोलत. पेट्रोलची नळी म्हणजे पाट, कार्बोरेटर म्हणजे मोटेचं पाणी पडतं ते थारोळं. "पाटात कचरा आला की मिरची सुकते," असं म्हणून ते नळीत फुंकर मारत आणि गाडी सुरू होई.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची, लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पेट्रोल कुपनावर मिळे. काकांची मोटर जिनिंगच्या कामाला कधी अकोट, कधी मूर्तिजापूर, कधी अमरावती अशी फिरे. मी नुकताच बी.ए. झालो होतो. दुसरं काही येत नसल्यामुळे मोटरची वही माझ्याकडे आली. मागचा अ‍ॅक्सल दुरुस्त होऊन गाडी परतली, आणि गॅलनला सोळा मैल जाणारी ती जेमतेम साडेचौदा जाऊ लागली. मी तीनदा भागाकार केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: ड्रायव्हर पेट्रोल विकतो.

ड्रायव्हर म्हणजे जानराव. बारा वर्षं आमची गाडी हाकत होता. मी त्याच्यादेखतच काकांना ते सांगितलं, तशी त्यानं किल्ली काकांपुढे ठेवली आणि तो घरी गेला. पेट्रोलच्या चोरीला तेव्हा तुरुंग होता. काका मला म्हणाले, "पोलिसात जाच्या आंधी मिस्त्रीले दाखव."

या खेपेला मामांनी चहा पाजावा असा ड्रायव्हरच नव्हता. त्यांनी टाकी पाहिली, गळत नव्हती. चारही चाकांवर हात ठेवला. ब्रेक घासत असता तर चाक तापलं असतं, तेही नव्हतं. मग माझी वही पाहून हसले.

"बी.ए., पानी जास्त लागलं म्हून मोटवाला चोर नसते. आंधी वाफा कोनं मोजला ते पाह्य."

"मीटरनं मोजलाय, मामा!"

"मंग मीटरले मोजू. बस गाडीत."

अकोटच्या रस्त्यावर मैलाच्या एका दगडापाशी त्यांनी मीटरचा आकडा माझ्याकडून घोकून घेतला आणि पुढचे दगड मोठ्यानं मोजायला लावले. कापूस वेचणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. मोटरीतून दगड मोजत जाणारा शिकलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. दहावा दगड आला, तेव्हा मीटर नऊच मैल पुढे सरकलं होतं.

मामांनी उतरून मागच्या चाकाला वीत लावली. "चाक मोठं हाय. लंब्या ढांगेचा मानूस पावलं कमी टाकते. मीटर बिचारं पावलंच मोजून राह्यलं." आणि मग राहिलेला प्रश्न आलाच. "हे टायर कोनं आनले?"

अ‍ॅक्सलच्या दुरुस्तीच्या वेळी बसवलेले ते टायर मी आणले होते. कुठे मिळत नसताना ओळखीनं मिळवले, म्हणून घरभर मिरवलंही होतं.

"जानरावले तूच जाऊन सांग," मामा एवढंच म्हणाले.

जुन्या शहरात, जानरावच्या दारात उभं राहून मी चाक, मीटर, दगड सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबूसाहेब, बसवतानीच म्हनलं होतं ना मी, मोठे वाटून राह्यले म्हून?"

म्हटलं होतं खरं. मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. किल्ली मात्र त्यानं काकांच्याच हातून घेतली.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा घरातली साखर लवकर संपते म्हणून मी कामाच्या बाईंविषयी काही बोलणार, तोच बायकोनं साखरेच्या डब्यातला नवा, खोलगट चमचा माझ्या नाकासमोर धरला.

"हा कोनं आनला?"